काळं कापड

३ फेब्रुवारी

आज बैठकीत ड्वेननं ‘कंटेंट’ हा शब्द इतक्या वेळा तोंडातून काढला की मला मळमळायला लागलं. पूर्वी आम्ही बातम्या करायचो, नभोनाट्यं करायचो, माहितीपट करायचो. आता सगळ्याचा मिळून एक लगदा झालाय आणि त्याला म्हणायचं कंटेंट. ड्वेन स्टॅनहोप हा आमचा विभागप्रमुख. कागदोपत्री तो चित्रपटनिर्मिती शिकवतो. प्रत्यक्षात कित्येक वर्षांत त्यानं रंगीत आलेख सोडून कशाचीच निर्मिती केलेली नाही.

बैठक संपल्यावर त्यानं मला दारात अडवलं.

“आर्डिस, एलिसेओच्या समितीवर तू हवीस.”

“मला वगळ. पुढच्या वर्षी निवृत्त होतेय मी.”

“अगं, त्यानंच तुझं नाव दिलंय. उमेदवाराला एक नाव सुचवता येतं ना, त्यानं तुझं सुचवलं.”

एलिसेओ माद्रिगाल माहितीपट शिकवतो. आमच्याकडे सहाव्या वर्षी निकाल लागतो. समिती हो म्हणाली तर जन्माची नोकरी, नाही म्हणाली तर वर्षभरात चंबूगबाळं आवरायचं. त्याचं सहावं चालू आहे. माझं-त्याचं धड बोलणंसुद्धा नाही आणि हा माझं नाव देतो! म्हातारीला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की मत आपलंच, असा हिशेब असणार. असल्या लोणी लावण्याची मला शिसारी येते.

तरी हो म्हटलं, कारण ड्वेन दारातून हलेना आणि मला बाहेर बर्फात गारठलेली गाडी गरम करायला लावायची होती.

७ फेब्रुवारी

एलिसेओची फाइल आली. इतिहासवाल्यांनी पुस्तक लिहायचं, रसायनवाल्यांनी लेख छापायचे आणि आम्ही केलेला चित्रपट हे ‘संशोधन’ आहे हे चार परक्या विद्वानांकडून लिहून आणायचं. दरवर्षी कोणीतरी हे सोंग वठवतं आणि दरवर्षी मला त्याची किळस येते. पण एलिसेओची विद्वानांची पत्रं मी वाचणार नाही. मी कधीच वाचत नाही. मत माझ्या कानाचं हवं, दुसऱ्याच्या पेनाचं नको.

त्याच्या माहितीपटाचं नाव ‘खिडकीची बाजू’. खिडकी म्हणे! चित्रवाल्यांना खिडकी दिसली की पान्हा फुटतो.

माझी पद्धत साऱ्या विभागाला माहीत आहे. पडद्यावर काळं कापड टाकायचं, हेडफोन लावायचे आणि ऐकायचं. चित्र लबाड असतं. ते डोळ्यांत पाणी आणतं आणि तेवढ्यात गचाळ आवाज खपून जातो. पहिल्या तासाला मी हे कापड मुलांसमोर झटकते आणि सांगते, ‘ज्याला हे कापड सोसतं तोच चित्रपट खरा.’ मुलं हसतात. काहींना पटतंही.

एलिसेओ नोकरीला लागला त्या वर्षी माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायचा. सगळं सत्र बसला. कोणी विचारलं तर म्हणायचा, शिकतोय. मला तेव्हाही वाटलं होतं की ड्वेननं पाळतीवर पाठवलाय.

८ फेब्रुवारी

ऐकला. काय सांगू!

सुरुवातीपासून मागे घूं घूं. फ्रीज नव्हे, फ्रीज इतका दम खात नाही. घूं घूं, मग फुस्स. पुन्हा घूं घूं, फुस्स. जुना हीटर असणार, व्हॉल्व्ह गळणारा. जिथे चित्रण करायचं तिथला हीटर आधी बंद करायचा, हे माझी दुसऱ्या वर्षाची पोरं झोपेत सांगतील. यानं तो अख्ख्या चित्रपटभर चालू ठेवलाय. बायका बोलतात तेव्हा घूं घूं, भांडी वाजतात तेव्हा घूं घूं. एक म्हातारी अधूनमधून काही गुणगुणते, चांगला आवाज आहे, थोडा तुटक, पण त्याच्याही उरावर हे बसलेलं.

बोलणं सगळं स्पॅनिश. मला ओ की ठो कळत नाही. खाली इंग्रजी ओळी असतील, त्या कापडाखाली गेल्या. बिघडलं काही नाही. मला बोलण्याचा अर्थ नकोच होता, आवाजाचा पोत हवा होता.

आणि शेवट! घूं घूं मध्येच तुटते. हळूहळू विरत नाही, खटकन तुटते. एवढा वेळ ठेवायची तर निदान नीट उतरवायची तरी. मग ठप्प, माइक कुठेतरी आपटलाय. आणि त्यानंतर नुसती रिकामी खोली, लांबच लांब. बाहेर कुत्रं भुंकतं, गाडी जाते, बस. कापायला विसरला असणार. या माणसाला जन्माची नोकरी द्यायची?

११ फेब्रुवारी

कॉफीच्या यंत्रापाशी एलिसेओ भेटला. खूप वाळलाय. गेल्या हिवाळ्यात सत्र अर्धवट टाकून टेक्ससला घरी गेला होता, ‘घरगुती कारण’. त्याचे तास आम्ही वाटून घेतले आणि माझ्या वाट्याला सकाळी आठचा आला. हल्ली प्रत्येकाकडे एक घरगुती कारण असतं.

“प्रोफेसर लुंडीन, एवढंच विचारतो. ऐकलात का तुम्ही?”

“ऐकला.”

त्याचा चेहरा एकदम उजळला. “शेवटचा भाग... तो आवाज थांबतो ना, तिथे मला फार—”

“समितीवरच्या माणसाशी फाइलीबद्दल बोलायचं नसतं, हे तुला कोणी सांगितलं नाही का?”

“सांगितलं. चुकलो. माफ करा.” पण जाताना पुन्हा वळून म्हणाला, “तुम्ही ऐकलात ना, मग पुरे.”

निर्लज्ज. वर हसला.

१४ फेब्रुवारी

ड्वेन माझ्या खोलीत आला, बायकोनं भाजलेल्या लिंबाच्या वड्या घेऊन. वड्या बऱ्या होत्या. माझ्या कानाची स्तुती करत बसला. या राज्यात असा कान दुसरा नाही, म्हणे. त्यात खोटं काही नाही, पण ड्वेनच्या तोंडून ऐकताना अंगावर काहीतरी सांडल्यासारखं वाटतं.

“तू जाशील तेव्हा जुन्या रेडिओ स्टुडिओला तुझं नाव द्यायचं म्हणतोय. आर्डिस लुंडीन ध्वनिकक्ष. पितळी पाटी.”

“मेलेल्यांची नावं देतात.”

“जिवंतपणी बघ की!” मग वडीचा चुरा झटकत म्हणाला, “एलिसेओचं काय वाटतं?”

मी घूं घूं सांगितली. तो एवढा खूश झाला की मलाच नवल वाटलं. “हे तू समितीत बोल. बाकीच्यांना आवाजातलं काय कळतंय! तू बोललीस की झालं. आणि खरं सांगू, ती जागा रिकामी झाली तर मोबाइलवर कंटेंट शिकवणारं कोणी आणता येईल. पोरांची गर्दी होईल.”

मोबाइल ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण पाटी पितळी असावी, ते हलकं चकचकीत काही नको, एवढं मी बजावून ठेवलं.

२६ फेब्रुवारी

समिती झाली. आम्ही पाच जण. नाट्यविभागाची बाई म्हणाली, चित्रपट बघून ती रात्रभर झोपली नाही. हे काय कारण झालं? मीही कित्येकदा झोपत नाही.

मग मी बोलले. कागद न घेता बोलले. घूं घूं, तुटलेला शेवट, आपटलेला माइक, न कापलेली रिकामी खोली. म्हटलं, “हे दुसऱ्या वर्षाच्या मुलानं दिलं असतं तर मी परत पाठवलं असतं.” नाट्यवाली माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिली.

“आर्डिस, तुम्हाला खरंच असं वाटलं? ते बघून?”

“मला जे ऐकू आलं ते मी सांगितलं.”

ड्वेननं ताबडतोब मतं घेतली. दोन बाजूनं, तीन विरुद्ध. बाहेर पडताना नाट्यवाली पुटपुटली, “दगड आहात तुम्ही.” असल्या भिजलेल्या लोकांच्या हाती विद्यापीठं गेलीत म्हणून ही अवस्था आहे.

घरी येऊन बटाट्याचं सूप केलं, पण जेवण गेलं नाही.

४ मार्च

एलिसेओला कळवलंय. कोण काय बोललं ते सांगत नाहीत, पण मत कुठे फिरलं हे त्याला कळायला अक्कल लागत नाही. आज मी माइकच्या स्टँडचं खोकं ओढत नेत होते, तर हा समोरून आला आणि मुकाट्यानं दुसरं टोक धरलं. स्टुडिओपर्यंत आणून दिलं. भांडला असता तर बरं झालं असतं. या गरीब गायीच्या नाटकाचा मला मनापासून तिटकारा आहे.

९ मार्च

उद्याचा तास ‘नको असलेला आवाज’ या विषयावर. एलिसेओचा शेवटचा भागच लावते. नाव सांगणार नाही. वाईट काम कसं असतं हे वाईट कामावरूनच शिकवावं लागतं.

बर्फ वितळायला लागलं आणि स्टुडिओचं छत गळायला लागलं. पाटी लावायची म्हणतात, आधी छत लावा म्हणावं. तास मोठ्या व्याख्यानगृहात हलवलाय. तिथला पडदा अख्ख्या भिंतीएवढा आहे, माझं कापड त्याच्या कोपऱ्यालाही पुरायचं नाही.

१० मार्च

जसं झालं तसं लिहिते.

कापड नव्हतं म्हणून मी मुलांना डोळे मिटायला सांगितले. सगळ्यांनी मिटले. मी चित्रपट सुरू केला आणि कोणी चोरून बघत नाही ना, हे बघत उभी राहिले. घूं घूं, फुस्स. घूं घूं, फुस्स. मी म्हणाले, “ऐका, जुना हीटर.” आणि पडद्याकडे सहज मान वळली.

हीटर नव्हता. खिडकीला लागून पलंग होता. पलंगावर म्हातारी, चिमणीएवढी उरलेली, नाकाला नळी. नळी जमिनीवरच्या एका पेटीत गेली होती आणि ती पेटी घूं घूं करत होती. प्राणवायूचं यंत्र. म्हातारीची छाती हलत नव्हती. कॅमेऱ्यामागून एक हात आत आला. म्हातारीच्या गालावर टेकला. बराच वेळ तिथेच राहिला. मग खाली गेला, पेटीपाशी, आणि त्यानं बटण दाबलं.

खटकन आवाज तुटला.

मग ते ठप्प. मग खोली. तीच खोली, जी कापायला तो विसरला असं मला वाटलं होतं. पलंग, खिडकी, पडदा हलतोय. बाहेर कुत्रं.

मुलांचे डोळे मिटलेलेच होते. तिसऱ्या रांगेतली मारिट, जी एरवी तासाला केसांच्या वेण्या घालत बसते, ती डोळे न उघडता हळूच म्हणाली, “प्रोफेसर, कोणी गेलं का?”

मागून एकजण म्हणाला, “गेलंच. आणि दुसरं कोणीतरी तिथेच थांबलंय. श्वास येतोय बघ त्याचा. रडायचं नाही म्हणून तोंडानं घेतोय.”

मी कान दिला. खरंच होता तो श्वास. माझ्या हेडफोनमध्येही तो असणारच. डोळे मिटलेल्या पोरांना कळलं. मीच शिकवलेल्या पोरांना. आणि मी, राज्यातला सर्वांत तिखट कान, हीटरच्या व्हॉल्व्हची चिकित्सा करत बसले होते.

“आता हा नको असलेला आवाज कसा काढायचा?” मारिटनं विचारलं. खवचटपणानं नाही, तासाचा विषयच तो होता.

मी तास सोडून दिला.

११ मार्च

घरी पूर्ण पाहिला, कापडाशिवाय. खालच्या ओळीही वाचल्या. म्हातारी त्याची आई. एका जागी ती त्याला म्हणते, “हे खोकं बंद कर रे, तुझ्या सिनेमात माझ्यापेक्षा त्याचाच आवाज जास्त येईल.” आणि तो म्हणतो, “येऊ दे आई. तो आहे तोवर तू आहेस.”

मी लॅपटॉप बंद केला आणि मोरीत जाऊन ओकले. आजवर दुसऱ्यांची किळस येत होती, ती सोपी होती.

१३ मार्च

ड्वेनकडे गेले. म्हटलं, माझं मत बदललंय, समिती पुन्हा बोलाव.

“मत बदलणं नियमात बसत नाही गं. रोज कोणी ना कोणी मत बदलेल.” त्यानं खुर्ची मागे रेलवली. “कामकाजातच काही खोट असेल तरच फेरविचार होतो. एखाद्यानं लाच घेतली, एखाद्यानं काम पाहिलंच नाही, असं काही. तसं तर नाही ना?”

तो बोलला आणि त्याच क्षणी आम्हा दोघांनाही ते कळलं. तो कधीकाळी काही वर्षं माझ्याच वर्गात बसलाय, कापड त्याला पाठ आहे. मी चित्रपट पाहिला नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर लिंबाच्या वड्या.

“आर्डिस,” तो मऊ आवाजात म्हणाला, “तसं म्हणालीस तर चौकशी तुझी होईल. आजवर जितक्यांच्या फायली तू बघितल्यास, सगळ्या उकरतील. त्यातला एखादा वकील गाठेल. निवृत्तीच्या तोंडावर कशाला हा चिखल? पाटी कोरायला दिलीय मी.”

मला ड्वेनची घाण वाटते. पण त्यानं मला फसवलं असं लिहायला पेन उचलत नाही. त्यानं फक्त मला माझ्या मनासारखं वागू दिलं.

१५ मार्च

एलिसेओच्या खोलीत गेले. पुस्तकं खोक्यात भरत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कापड, हीटर, वर्ग, मारिट. वर्गाचं सांगताना त्याचा हात थांबला.

“माझी आई तुम्ही मुलांना वाईट कामाचा नमुना म्हणून ऐकवलीत?”

“हो.”

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

“तुमचं नाव मी का दिलं माहितीये?” तो पाठमोराच बोलला. “बाकी सगळे चित्र बघणार होते. त्यांना रडू येणार होतं, ते मला ठाऊक होतं. मला एक माणूस ऐकणारं हवं होतं. पहिल्या वर्षी तुम्ही वर्गात सांगितलं होतं, काम संपलं की लगेच पसारा आवरू नका. सगळ्यांनी उभं राहा आणि खोली ऐका. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ती नोंदवून घ्या, पुन्हा मिळत नाही.” त्यानं नाक पुसलं. “मी तेच केलं. हात थरथरायला लागले म्हणून माइक खुर्चीवर ठेवला. तेवढं ठप्प झालं. ते काढून टाकायचा विचार होता. मग वाटलं, तुम्हाला ते कळेल.”

“मला कळलं नाही.”

“नाही.”

“मी डीनकडे जाणार आहे.”

“जा,” तो म्हणाला. “पण मी माफ करीन म्हणून जात असाल तर नका जाऊ. मला ते जमेल असं वाटत नाही.”

मी म्हटलं, त्यासाठी जात नाही. हे खरं आहे की नाही, मला अजून माहीत नाही.

१८ मार्च

सकाळी कापड घडी करून कचऱ्यात टाकलं. मग ते नाटकी वाटलं. पुन्हा काढलं, त्यानं बुटांवरचा चिखल पुसला आणि परत टाकलं.

डीनबाईंच्या खोलीत त्या, ड्वेन आणि टिपण घेणारी एक मुलगी. ड्वेन माझ्याकडे बघत नव्हता. डीनबाई समजूतदार आहेत. त्यांनी दोनदा विचारलं, तुम्हाला विद्यापीठाच्या वकिलाशी आधी बोलायचंय का. मी नको म्हटलं.

“मग कामकाजातली खोट काय, ती नेमक्या शब्दांत सांगा. फेरविचार त्यावरच होईल. आणि तुमचीही चौकशी त्यावरच होईल, हे तुम्हाला माहीत आहे ना?”

“माहीत आहे. मी प्रोफेसर माद्रिगालचा चित्रपट न पाहता त्याच्याविरुद्ध बोलले आणि मत दिलं.”

मुलीची बोटं टकटक चालली. ड्वेन घसा साफ करून म्हणाला, “नोंद नीट व्हावी म्हणून सांगतो. पाहिला नाही याचा अर्थ त्यांनी तो फक्त ऐकला. काळजीपूर्वक ऐकला. ध्वनी हाच त्यांचा विषय आहे.”

त्यानं मला दोर टाकला होता. तो धरला असता तर एलिसेओचा फेरविचारही झाला असता आणि माझी थोडी अब्रूही राहिली असती. नियमाला एवढं पुरेसं होतं.

“बरोबर?” डीनबाईंनी विचारलं. “म्हणजे तुम्ही फक्त ऐकला?”

“नाही,” मी म्हटलं. “ऐकलाही नाही.”

मुलीनं मान वर केली. “हे पण लिहू?”

“लिही.”